आक्कांचा उतारा

"आणि कंकोळ?" आक्कांनी विचारलं.

मुकुंदने पाटीवर खडूने लिहिलं. मी वाचून दाखवलं, "चघळतोय. चार दिवस झाले."

"ज्येष्ठमध?"

"तेही."

"तुपात मिरी?"

"रोज सकाळी, अनशापोटी."



आक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे पाटी त्यांना दिसत नव्हती. मुकुंदला डॉक्टरांनी बोलायची बंदी केलेली. म्हणून दोघांच्या मधे मी. मी पेटीवाला. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या गाण्याच्या मागे मागे जाण्यात गेलेलं, तेव्हा दुसऱ्याची पाटी वाचणं मला जड नव्हतं. जड जात होती ती वेळ. कारण सभा उद्यावर आली होती.

सभा म्हणजे आमच्या गावातली माघातली संगीत सभा. दुपारी तीनला सुरू होते आणि दिवेलागणीला शेवटचा गायक बसतो. शेवटची जागा सगळ्यांत मानाची. बावीस वर्षं त्या जागेवर शेवंताक्का बसल्या, म्हणजे याच आमच्या आक्का. एकेकाळी नाटक कंपनीत होत्या, पडद्यामागून नुसता आलाप घेतला तरी लोक खुर्च्या सरसावून बसायचे. चार वर्षांपूर्वी त्यांनी सभेतलं गाणं थांबवलं, तेव्हापासून ती जागा बाहेरगावच्या मोठ्या गवयांकडे जात होती. यंदा पहिल्यांदा ती गावात परत आली होती. आक्कांच्या शिष्याला, मुकुंद तेरदाळकरला.

आणि नेमका सभेला आठ दिवस असताना मुकुंदला सणकून ताप भरला. तापाबरोबर खोकला आला, खोकल्याबरोबर आवाज गेला. मग ताप गेला, खोकला गेला, आवाज मात्र परत यायचं नाव घेईना. सभेच्या चिटणिसांचा निरोप होता की उद्या दुपारपर्यंत काय ते कळवा. हुबळीचे एक गवई गावात पाहुणे म्हणून आलेच आहेत, नाहीतर त्यांना बसवू.

माझीही ती पहिलीच शेवटची बैठक होती. हे मी मुकुंदला सांगितलं नव्हतं, पण पेटीची धूळ मी गेल्या आठवड्यात सहा वेळा पुसली होती.

"कोष्टकोळिंजन?" आक्कांनी पुन्हा सुरुवात केली.

मुकुंदने नुसती मान हलवली आणि मग आक्कांना ती दिसत नाही हे आठवून पाटी उचलली. मी म्हटलं, "आक्का, सगळं झालंय. विचारत बसू नका."

खरंच सगळं झालं होतं. गवयाचा आवाज बसल्याची बातमी गावात पसरली की आमच्याकडे प्रत्येक घर वैद्याचं होतं. चिटणिसांच्या सासूबाईंनी भाजलेल्या लवंगा पाठवल्या. शाळेच्या मास्तरांनी स्वतः येऊन मिठाच्या गुळण्या करवून घेतल्या, आणि नीट खळखळ झाली नाही म्हणून दुसऱ्यांदा करायला लावल्या. कुणी हळदीचं दूध पाजलं, कुणी दूध बिलकूल नको म्हणून दम दिला. ओव्याची वाफ, अडुळशाचा रस, बेहड्याची साल, आलं, मध, खडीसाखर... मुकुंदची आई सगळ्यांना हो म्हणायची आणि मुकुंद सगळं गिळायचा. त्याच्या गळ्याभोवती फलाणीच्या उबदार कापडाची पट्टी होती, तिला निलगिरीचा असा वास येत होता की आक्कांच्या मांजराने खोली सोडली.

आक्कांनी हात पुढे केला. चाचपडत मुकुंदच्या कपाळावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला...

"ताप आहे," त्या म्हणाल्या.

मुकुंदने भराभर लिहिलं. मी वाचलं, "ताप सोमवारीच गेला. आज सकाळी थर्मामीटर लावून बघितला. काही नाही."

"आहे," आक्का म्हणाल्या. "तुम्हाला कळत नाही."

हे 'तुम्हाला' जरा सांगायला हवं. मुकुंद चौदा वर्षांचा असताना आक्कांकडे आला. आक्कांनी त्याला तू म्हणून शिकवलं, तू म्हणून झापलं, तू म्हणून जेवायला वाढलं. दोन वर्षांपूर्वी त्याला मोठा पुरस्कार मिळाला. तो शाल घेऊन आक्कांकडे आला, आणि इतकी वर्षं ज्या चटईवर बसला तिच्याकडे न बघता समोरच्या खुर्चीवर बसला. कदाचित त्याच्या लक्षातही आलं नसेल. खुर्ची करकरली, आक्कांनी कान टवकारले, आणि म्हणाल्या, "या. बसलात का?" तेव्हापासून अहो-जाहो. मुकुंद गावभर सांगायचा की आक्कासुद्धा मला आता मानाने बोलावतात. मी पेटीवाला, मी कशाला बोलू.

आजही तो खुर्चीवरच बसला होता. चटईवर मी होतो.

मुकुंदने पाटी पुसली आणि या वेळी सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं. मी वाचलं.

"आक्का, याला उतारा काय?"

"उतारा," आक्का म्हणाल्या.

आम्ही वाट पाहिली. मुकुंदने खडू तयार धरला. त्याने पाटीवर 'उतारा' लिहून पुढे दोन टिंबंही दिली.

"आक्का, तेच विचारतायत ते," मी म्हटलं. "उतारा कोणता?"

"सांगितला की."

"कधी सांगितलात?"

"आत्ताच. उतारा." त्यांनी पदर सारखा केला. "सोपा आहे. पण यांना जड जाईल."

मग त्यांनी डोळे मिटले, आणि आक्कांनी डोळे मिटले की शिकवणी संपली हे आम्हाला तीस वर्षांच्या सवयीने माहीत होतं. आम्ही उठलो. मुकुंदच्या पाटीवर 'उतारा' आणि दोन टिंबं तशीच होती.

दोघंही गाण्यातले, दोघंही स्वतःला कानाचे तिखट समजणारे. आणि त्या शब्दाचा अर्थ आमच्या दोघांच्याही डोक्यावरून गेला. आज लिहिताना मला त्याची लाज वाटते.

मुकुंदच्या आईला मात्र अर्थ लगेच लागला.

"आक्कांनी उतारा सांगितला आणि तुम्ही दोघं तोंडाकडं बघत परत आलासा?" त्या म्हणाल्या. "पोराच्या गळ्याला नजर लागलीय. मी पहिल्या दिवसापासनं सांगतेय, तर ऐकतंय कोण."

त्यांचंही बरोबर होतं. नजर लागली की ओवाळून टाकतात त्यालाही उतारा म्हणतातच. तिन्हीसांजेला त्यांनी पत्रावळीवर दहीभात काढला, त्यावर कुंकू, कापलेलं लिंबू आणि एक मिरची ठेवली, आणि पुरस्कारविजेत्या गायकाला भिंतीशी बसवून त्याच्यावरून सात वेळा उतरवला. मुकुंद डोळे मिटून बसला होता. मला वाटलं तो हसत असेल. पण नाही, त्याचे ओठ थरथरत होते, आणि तेव्हा मला कळलं की हा माणूस घाबरला आहे. त्याची मला फार दया आली.

तो उतारा तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथे, नेऊन ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मागे वळून बघायचं नाही, वाटेत कुणाशी बोलायचं नाही. मी पत्रावळ ठेवली आणि वळलो. एका कुत्र्याने माझी पाठ फिरायचीसुद्धा वाट पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुत्रं खणखणीत आवाजात भुंकत होतं. मुकुंदचा आवाज होता तिथेच होता.

तसं म्हटलं तर थोडा फरक होता. डॉक्टरांनी आरसा घालून घसा बघितला, सूज पुष्कळ कमी आहे म्हणाले. गायला हरकत नाही, पण वर ओढाताण केलीत तर महिनाभर बसाल, कदाचित जास्तही, असं बजावलं. आम्ही घरी येऊन दार लावून घेतलं. मी पेटी उघडली आणि पांढरी चारचा सूर दिला.

पांढरी चार ही मुकुंदची पट्टी, म्हणजे त्याचा सा तिथे लागायचा. पुरुषाला ही पट्टी उंच. बाकीचे गवई काळी एक, पांढरी दोन, फार तर काळी दोन. मुकुंद त्यांच्या डोक्यावरून गायचा, आणि वरच्या सा वर जाऊन उभा राहिला की लोक वेडे व्हायचे. सभेच्या पत्रकावर त्याच्या नावाआधी 'पांढरी चारचे अनभिषिक्त राजे' असं छापलं होतं. ते छापायला कुणी सांगितलं होतं ते मी लिहीत नाही.

त्याने सा लावला. लागला, पण कसाबसा. पंचमाला आवाज फाटला. त्याच्या वर नुसती हवा.

दहा वाजले होते. दुपारपर्यंत निरोप द्यायचा होता.

मी बिचकत बिचकत म्हटलं, "मुकुंदराव, आजच्यापुरतं एखादी पट्टी खाली..."

त्याने पाटी ओढली. खडू इतका दाबला की मोडला. पाटी माझ्या नाकासमोर धरली.

'ही आक्कांची पट्टी आहे. उतरवणार नाही.'

'नाही'खाली दोन रेघा होत्या.

आणि हे खोटं नव्हतं. आक्कांनी त्याला याच पट्टीत शिकवलं. चौदा वर्षांच्या पोराचा आवाज फुटला, पुढे दाढीमिशा आल्या, तरी त्याने गुरूची पट्टी सोडली नाही. बाईच्या पट्टीत पुरुषाने गायचं म्हणजे किती ताकद लागते ते ज्याचं त्याला माहीत. त्याने ती कमावली होती. मुलाखतीत तो हे सांगायचा तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, माझ्यासुद्धा.

पण आता काय करायचं? मी म्हटलं, चला आक्कांकडे. तो उठला. पाटी हातात तशीच होती.

आम्ही जवळजवळ धावतच गेलो. आक्का ओसरीवर उन्हात बसल्या होत्या, पाय पुढे पसरून. आमच्या पावलांचा आवाज ऐकून म्हणाल्या, "घाई दिसते."

मुकुंद खुर्चीवर टेकत कुजबुजला. डॉक्टरांनी कुजबुजायलाही मनाई केली होती, पण तो कुजबुजला. "उतारा केला, आक्का. गुण नाही."

"केलात?" आक्कांना नवल वाटलं. "कधी?"

मी सगळं सांगितलं. दहीभात, लिंबू, तिकटी, कुत्रं. आक्का हसायला लागल्या त्या थांबेनात. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "कुत्र्याला तरी बरं वाटलं ना?"

मुकुंदचा चेहरा लाल झाला. त्याने पाटी गुडघ्यावर आपटली. खडूची भुकटी उडाली.

आक्कांचं हसू थांबलं. "पाटीवर काय आहे?"

मी मुकुंदकडे पाहिलं. तो बाहेर बघत होता. मी वाचलं.

"ही आक्कांची पट्टी आहे. उतरवणार नाही."



  आक्कांनी मला हाक मारली. त्या मला नावाने हाक मारत नाहीत, 'पेटी' म्हणतात.

"पेटी, आत कोनाड्याखाली माझी जुनी पेटी आहे. आण."

मी आणली. कंपनीच्या काळातली पेटी, एका बाजूचं लाकूड उललेलं. मी तिला कधी हात लावला नव्हता. तिच्यावर आक्का स्वतः एका हाताने सूर धरून रियाज करायच्या, दुसऱ्या कुणाला वाजवू द्यायच्या नाहीत.

"भाता मार. डोळे मीट, आणि पट्ट्यांवरून बोट फिरव, उजवीकडून. बोट जिथे खड्ड्यात जाईल तिथे दाब."

मी डोळे मिटले. बोट फिरवलं. पट्ट्या गुळगुळीत होत्या, थंड होत्या. मग एका पट्टीवर बोट आपोआप आत गेलं. वर्षानुवर्षं एकच बोट ठेवून लाकूड झिजलं होतं, छोटी वाटी तयार झाली होती. मी दाबलं. सूर निघाला, पांढरी चारच्या कितीतरी वरचा, आणि मी डोळे न उघडता दचकलो.

"कोणती?" आक्कांनी विचारलं.

"काळी पाच."

मुकुंदने मान वळवली.

"तेवीस वर्षांची होते तेव्हाची," आक्का म्हणाल्या. "पुढे चल."

बोट डावीकडे सरकलं. पुन्हा खळगा. "काळी चार," मी म्हटलं. 

"विषमज्वर झाला होता. दोन महिने अंथरुणावर होते. उठले तेव्हा काळी पाच तिथे नव्हती. कंपनीचे मालक म्हणाले, बाई संपली. मी एका पट्टीने खाली आले. तीन दिवस रडले आणि चौथ्या दिवशी नाटक केलं... पुढे चल."

पुढचा खळगा कुठे असणार ते मला आता कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच बोट जाईना. मुकुंद खुर्चीवरून पुढे झुकला होता.

"चल रे."

बोट गेलं. खळगा होता, आधीच्या दोन्हींपेक्षा उथळ.

"पांढरी चार," मी म्हटलं.

"तेव्हा एक पोरगं माझ्याकडे शिकायला आलं," आक्का म्हणाल्या. "चौदा वर्षांचं. माझं वय झालं होतं. त्याला वाटलं बाईचा आवाज इथेच असतो."

मी डोळे उघडले. मुकुंदच्या तोंडावरचा रंग गेला होता. ज्या उंचीवर तो आयुष्यभर टाचा उंचावून उभा होता, तिथे आक्का दोन पायऱ्या उतरून आल्या होत्या.

"अजून एक आहे," आक्का म्हणाल्या. "शोध."

मी शोधला. पांढरी दोन. खळगा असा नव्हताच, नुसती चमक गेली होती. मी ती पट्टी धरून ठेवली, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आक्कांनी सा लावला. आवाज लहान होता, थोडा कापरा होता. पण तो सुरात असा बसला की माझ्या हातातला भाता चालायचा थांबला. चार वर्षांत मी त्यांना गाताना ऐकलं नव्हतं. मला वाटायचं त्या गात नाहीत. त्या रोज गात होत्या, घरात, पांढरी दोनमध्ये, कुणालाही न सांगता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सा संपला. आक्का म्हणाल्या, "निरोप कधी द्यायचा आहे?"

"दुपारपर्यंत," मी म्हटलं.

"मग जा."

मुकुंद उठला. नमस्कार न करता बाहेर पडला. वाटेत त्याने पाटी सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि घरापर्यंत एक अक्षर लिहिलं नाही. दारात फक्त दोन शब्द लिहून माझ्या हातात पाटी दिली.

'गाणार. कळव.'

कुठल्या पट्टीत, ते काही लिहिलं नव्हतं. विचारायची माझी छाती झाली नाही.

मी चिटणिसांना निरोप दिला, आणि तिथून सरळ तबलेवाल्या गुरवमामांकडे गेलो. तबला सुरात लावावा लागतो, आणि पांढरी चारचा तबला कितीही ठोकला तरी पांढरी दोनला उतरत नाही. त्याला मोठ्या तोंडाचा वेगळा तबला लागतो. मी मामांना एवढंच म्हटलं की एक जास्तीचा बरोबर असू दे. मामांनी विचारलं नाही कशाला. ते म्हणाले, "गेली पाच वर्षं पिशवीत घालून नेतोय मी तो. कधी लागलाच नाही."

सभेला ही गर्दी. मांडवाच्या बाहेरसुद्धा लोक उभे होते, कारण मुकुंदचा आवाज गेल्याची आणि आल्याची अशा दोन्ही बातम्या गावात होत्या आणि कुठली खरी ते प्रत्येकाला स्वतःच्या कानाने ऐकायचं होतं. हुबळीचे गवई दुसऱ्या रांगेत बसले होते. पहिल्या रांगेत मधोमध एक खुर्ची रिकामी होती. सहा वाजायच्या सुमाराला लोक बाजूला झाले आणि चिटणिसांच्या सुनेचा हात धरून आक्का आल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. सगळा मांडव उठून उभा राहिला.

मुकुंद आधीच बैठकीवर होता. दोन्ही तानपुरे पांढरी चारमध्ये लावून ठेवलेले. निवेदकाने 'अनभिषिक्त राजे' वगैरे म्हणून घेतलं. टाळ्या झाल्या. मी पांढरी चारवर बोट ठेवलं आणि वाट पाहिली. 

मुकुंदने डोळे मिटले...

मग त्याने हात पुढे करून मागच्या मुलीच्या मांडीवरचा तानपुरा स्वतःकडे घेतला. खुंटी धरली. आणि उलटी फिरवली.

तार सैल पडताना जो आवाज होतो तो गवयाच्या कानाला फार वाईट लागतो, घरंगळल्यासारखा. ध्वनिक्षेपकातून तो सगळ्या मांडवाला ऐकू गेला. कुणीतरी हसलं. मी बोट पांढरी तीनवर नेलं, त्याने मान हलवली. काळी दोनवर नेलं, पुन्हा मान हलवली. मी पांढरी दोन दाबली. तो थांबला आणि जोडीच्या तारा तिला मिळवू लागला.

चार तारा, दोन तानपुरे. जवारीचं सूत सरकवायचं, मणी हलवायचे, पुन्हा ऐकायचं. दहा-बारा मिनिटं गेली असतील. लोक खोकायला लागले, कुजबुजायला लागले. "उतरला," असं मागून कुणीतरी अगदी स्पष्ट म्हणालं. मुकुंदच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण हात थांबला नाही. हयातभर जे करायला घाबरला ते तो हजार माणसांसमोर एकेक खुंटी पिळत करत होता. मला त्याचा फार अभिमान वाटला.

तानपुरे जुळले. मग त्याला एकदम आठवलं असावं, कारण त्याने घाबरून गुरवमामांकडे पाहिलं. तबला!

मामांनी पिशवीतून मोठ्या तोंडाचा तबला काढला, चुंबळीवर ठेवला आणि एक थाप दिली. पांढरी दोन. सुरात.

मुकुंदने मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. किती वर्षं सगळे वाट बघत होते हे त्याला तेव्हा कळलं असणार. त्याने गळ्याची फलाणीची पट्टी सोडली, घडी करून मांडीखाली ठेवली आणि सा लावला.

पत्रकात त्याच्या नावापुढे दुसराच राग छापला होता. त्याने पूरिया घेतला. संध्याकाळचा राग, आणि त्याचा सगळा जीव खालच्या सप्तकात. दुखण्याने आवाजाला एक खरखर आली होती, ती त्याने लपवली नाही. तो खाली गेला, मंद्रात, जिथे मी त्याला तीस वर्षांत कधी गेलेला पाहिला नव्हता, कारण पांढरी चारवरून तिथे कुणी पोहोचतच नाही. आणि तिथे त्याचा स्वतःचा आवाज होता. आक्कांचा नव्हे. रुंद, सावकाश, जरा जखमी. मी पेटी जवळजवळ वाजवलीच नाही. खोकणारे गप्प झाले होते. हुबळीचे गवई मांडी घालून पुढे सरकून बसले होते आणि त्यांच्या तोंडातून पुन्हा पुन्हा एकच शब्द येत होता, "अहाहा."

वरच्या सा वर तो फक्त एकदा गेला. उभा राहिला नाही, हात लावून परत आला.

पाऊण तास झाला असेल. संपलं तेव्हा टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा थांबल्या नाहीत.

मुकुंद बैठकीवरून उतरला. लोक हार घेऊन पुढे येत होते, त्यांच्यातून वाट काढत तो आक्कांच्या खुर्चीपाशी आला. शेजारी दोन खुर्च्या त्याच्यासाठी रिकाम्या केल्या होत्या. तो खाली जमिनीवर बसला, सतरंजीच्या पलीकडे, मातीत.

"आक्का," तो म्हणाला. घसा बसलेलाच होता, तरी तो स्वतःच्या आवाजात म्हणाला. "कसं झालं?"

आक्कांनी हात पुढे केला. चाचपडत त्याच्या कपाळावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला...

"पडला रे उतार तुला."